नऊ नऊ तीन तीन सहा सहा

पत्र आलं: तुमचं पान आता नव्या रूपात,
अधिक स्वच्छ, अधिक सुटसुटीत.
तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
करावं लागणार नाही, की
करता येणार नाही?

स्वच्छ म्हणजे पांढरं.
डावीकडे वाटोळा फोटो, उजवीकडे नाव,
जसं आमच्या टॉवरमध्ये
बाविसाव्या मजल्यापर्यंत एकच दार,
एकच हस्तिदंती रंग,
पाटीची लांबीसुद्धा सोसायटीने ठरवून दिलेली.

माझं पान आमसुली होतं.
आमसुलं भिजत घातली की
तासाभराने पाण्याला चढतो, तो रंग.

विक्रोळीला, टागोरनगरच्या सायबर कॅफेत,
तासाला वीस रुपये,
इर्शाद गल्ल्यावरून न उठता म्हणाला होता,
इथे रंगाला नाव नसतं, नंबर असतो.
मग तीन शनिवार मी नंबर फिरवत बसले.
एकदा वांगं झालं, एकदा गुलाल,
एकदा चक्क आमच्या वर्गशिक्षिकेची साडी.
साठाव्या रुपयाला सापडला:
नऊ नऊ तीन तीन सहा सहा.
इर्शादने मान वर केली. "हं," म्हणाला.
त्या अख्ख्या वर्षात मला मिळालेली
तेवढीच शाबासकी.

मग त्यावर चांदण्या पाडल्या.
बाणाच्या मागे धावणारी पाच जास्वंदं लावली.
वरून एक पट्टी सरकत जायची:
सुस्वागतम्, चपला काढायची गरज नाही.
आणि तळाशी आकडा, आजवर आलेले पाहुणे:
एक हजार तीनशे बारा.
त्यातली निम्मी मीच,
कधी खिडकीजवळच्या मशिनवरून, कधी पंख्याखालच्या.

मुदत पंधरा तारखेची.
अख्खं पान उतरवून घेतलं. फाइल उघडली
तर चांदण्यांच्या जागी चौकोन,
जास्वंदांच्या जागी फुल्या,
पट्टी "सुस्वा"पाशी अडकलेली.
पडद्याचे फोटो काढले, अठरा.
फोटोत काही पडत नाही, काही धावत नाही.
भाची म्हणाली, मावशी, बरंच झालं की,
डोळ्यांना टोचायचं ते.

टोचायचं. खरंय.
टोचावं म्हणूनच लावलं होतं, बये.

चौदाला संध्याकाळी भांडुपला उतरून
वाघेलांच्या रंगाच्या दुकानात गेले.
नंबर कुठल्या कंपनीचा, त्यांनी विचारलं.
म्हटलं, कंपनी आहे अजून, तिलाच आठवत नाही.
त्यांनी माझा फोन आधी ट्यूबलाइटखाली धरला,
मग काउंटरखालच्या अंधारात,
आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले,
बेन, हा रंग आतून पेटलेला आहे.
माझ्या डब्यातल्या रंगावर उजेड बाहेरून पडावा लागतो.
थोडा फरक राहणार.
म्हटलं, राहू दे.

यंत्राने थेंब थेंब टाकले,
मग डबा असा गदागदा हलवला
की रॅकवरचे ब्रशसुद्धा थरथरले.
झाकणाखाली आमसूल.
म्हणजे जवळजवळ. भिजवून विसरून गेल्यासारखं.

बाहेरून दार हस्तिदंतीच आहे,
सोसायटीने नोटीस काढायचं कारण नाही.
आतून मात्र दोन हात दिले.
कडीपाशी ब्रश चुकला.
लादीवर सात-आठ थेंब सांडले,
ते पुसले नाहीत,
चांदण्यांच्या खात्यात टाकले.

सोळाला सकाळी मी ते पान उघडलं नाही.
बेल वाजली. गॅसवाला.
सिलिंडर आत घेता घेता
तोल सावरायला त्याने हात टेकला दारावर,
आणि मी "ओलं आहे!" म्हणेपर्यंत
पाच बोटं दारावर उमटली,
दार त्याच्या पंजावर.

तो हाताकडे बघत राहिला. मग दाराकडे.
काय कलर आहे हा, मॅडम?

मी नंबर सांगितला.
त्याला वाटलं, बुकिंगचा.
लिहून घेतला त्याने पावतीच्या मागे.

एक हजार तीनशे तेरा.